काळ्या पट्टीवरचे ओरखडे

भाऊ बोटीवर गेला, तेव्हा त्याची नवी गाडी आमच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडखाली ठेवून गेला. जाताना त्याने मला दोनच गोष्टी बजावल्या. आठवड्यातून एकदा गाडी फिरवून आणायची, नाहीतर बॅटरी उतरेल. आणि आतल्या चकचकीत काळ्या पट्ट्यांना सुकं फडकं लावायचं नाही. गिअरभोवती, स्क्रीनभोवती आणि दारांवर आरशासारख्या काळ्या पट्ट्या होत्या. त्यांत आपलं तोंड दिसायचं. भाऊ तसा प्रेमळ, पण वस्तूंच्या बाबतीत भयंकर काटेकोर. लहानपणी त्याच्या कंपासपेटीला हात लावायचीही मला सोय नव्हती.

घरात मी आणि बाबा दोघंच. आई जाऊन चार वर्षं झाली होती. मी कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला. सकाळी साडेसातला निघायचे ती दीडला परत. बाबांनी एकतीस वर्षं एसटी चालवली. निवृत्त झाल्यावर काचबिंदू निघाला, बाजूचं दिसेनासं झालं आणि डॉक्टरांनी स्टिअरिंगला हात लावायला बंदी केली. बाबांनी ते निमूट ऐकलं. इतकं निमूट, की मला तेव्हाच जरा विचित्र वाटलं होतं.

मार्चमधल्या एका रविवारी मी गाडी काढायला बसले. कोवळं ऊन आडवं आत आलं होतं आणि त्या उन्हात गिअरभोवतीची पट्टी कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसली. बारीक, गोल गोल ओरखडे. मी तर तिथे कधी हात लावला नव्हता. मग नजर ड्रायव्हरच्या दाराकडे गेली. काच खाली-वर करायच्या बटनांभोवतीच्या पट्टीवर वेगळेच ओरखडे होते. आखूड, उभे, एकाशेजारी एक.

भावाची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती दुसरी होती. बाबा गाडी बाहेर काढतायत. आमच्या गल्लीच्या तोंडाशीच शाळा आहे. बाजूने पळत आलेलं पोर बाबांना दिसणारच नाही.

"बाबा, तुम्ही गाडीत बसला होतात?"

"मी? नाय गो बाय." ते पेपरमधून वर न बघता म्हणाले. "मी कशाला बसू?"

मारुती मंदिराजवळ गाड्यांच्या सामानाचं एक दुकान आहे. तिथल्या दुकानदाराला मी मोबाइलवरचा फोटो दाखवला. तो हसला.

"ताई, लाल माती बसलेली असताना कोणीतरी सुक्या फडक्याने पुसलंनीत. ती माती म्हणजे पॉलिश पेपरच. बारीक आहेत, जातील. पण जोर नाय लावायचा. जोर लावलात तर पट्टी धुरकट होईल, मग ती बदलायलाच लागेल."

त्याने पांढरं पॉलिश, स्पंजचा छोटा गोळा आणि दोन मऊ फडकी दिली. आधी ओल्या फडक्याने धूळ उचलायची, पुसायची नाही. बाजूच्या भागाला कागदी टेप लावायची. मग स्पंजवर वाटाण्याएवढं पॉलिश आणि हलका हात. आधी कुठेतरी कोपऱ्यात करून बघायचं.

त्या संध्याकाळी बाबा देवळात गेल्यावर मी गाडीत बसले. पहिल्याच फेरीत पट्टी दुधाळ झाली. वाटलं, संपलं. पुसल्यावर खालून काळा रंग वर आला. तीन वेळा केलं. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बघितलं, गिअरभोवतीचं जाळं गेलं होतं. दारावरचे मात्र खोल होते. त्यांच्यावर जवळजवळ तासभर गेला. शेवटचा ओरखडा पुसट झाला तेव्हा मी किती खूश झाले होते, ते आठवलं की आज लाज वाटते.

गाडी किती किलोमीटर चालली, त्याचा फोटो मी काढून ठेवला. किल्ली मात्र टीव्हीशेजारच्या खिळ्यावरच राहू दिली. लपवली असती, तर माझा संशय बाबांना कळला असता.

आठवड्याने आकडा बघितला. तोच होता. गाडी हललीच नव्हती. पण दारावर पुन्हा ओरखडे होते, पूर्वीपेक्षा जास्त. मी त्यांच्याकडे बघत बसले. गाडी हलत नाही, मग इथे करतं कोण आणि काय? विचार करायला हवा होता. मी पॉलिशची बाटली काढली आणि पुन्हा सगळं घासून साफ केलं.

मे महिन्यात एक दिवस कॉलेजची वीज गेली आणि आम्हाला अकरालाच सोडलं. घरी आले तर दार सताड उघडं. बाबांची पेज झाकून ठेवलेली, तशीच. "बाबा!" हाक मारली. मागच्या पडवीत नाहीत, विहिरीकडे नाहीत. विहिरीतही वाकून बघितलं. मग खिळ्याकडे नजर गेली. किल्ली नव्हती.

मी शेडकडे धावले. गाडी जागेवर होती. सगळ्या काचा बंद, वरचा पत्रा तापलेला आणि आत बाबा. दाराच्या त्या पट्टीवर त्यांची बोटं फिरत होती, हळूहळू, खालून वर, खालून वर. नखं घासत होती.

दार उघडलं तशी भट्टीसारखी वाफ अंगावर आली. सदरा भिजून अंगाला चिकटलेला, ओठ पांढरे पडलेले. मांडीवर एसटीच्या वेळचं खाकी फडकं होतं. माझ्याकडे बघून ते रागावून म्हणाले, "हँडल कोणी काढलान?"

हँडल तिथेच होतं, वीतभर वर, दारात बसवलेलं, चपटं. एसटीच्या दाराला असतो तसा दांडा ते शोधत होते.

शेजारच्या रिक्षावाल्या काकांनी आम्हाला दवाखान्यात नेलं. रस्ताभर मी ओल्या पंच्याने त्यांचं तोंड पुसत होते आणि श्वास चालू आहे ना, ते बघत होते. सलाईन लागलं. दुपारी त्यांना बरं वाटल्यावर मी विचारलं, "बाबा, हॉर्न का नाही वाजवलात?"

"वस्तीत उगाच हॉर्न वाजवायचा नसतो," ते म्हणाले.

डॉक्टरांनी त्यांना वार विचारला, महिना विचारला. बाबांनी महिना आषाढ सांगितला. मग डॉक्टर माझ्याकडे वळले. "हे विसरणं कधीपासून आहे? आधी काही लक्षात आलं होतं?"

मी नाही म्हणाले. लगेच म्हणाले, "हो." लक्षात यायला हवं होतं ते दोनदा माझ्या डोळ्यांसमोर आलं होतं आणि दोन्ही वेळा मीच ते पुसून टाकलं होतं.

संध्याकाळी भावाला बोटीवर फोन लागला. मी सगळं सांगितलं, पट्टीचंही. तो रागावेल म्हणून फोन कानापासून जरा लांब धरला होता. पण त्याने पट्टीचं काहीच विचारलं नाही.

"मी निघायच्या आदल्या दिवशी बाबा नि मी गाडीने पावसला गेलो होतो ना," तो म्हणाला. "येताना त्यांनी मला विचारलं, आपलं घर कुठल्या बाजूला? दोनदा विचारलं. मला वाटलं, चेष्टा करतायत. म्हणजे, मी तसं वाटून घेतलं. तुला बोललो नाही."

"का?"

"घाबरलो होतो."

तो रडत होता. कंपासपेटीवाला माझा भाऊ.

आता किल्ली माझ्या पर्समध्ये असते. मी कामावर जाते तेव्हा शेजारच्या काकू येऊन बसतात. गोळ्या चालू आहेत. त्यांनी बरं होत नाही, वेग जरा कमी होतो, असं डॉक्टर म्हणतात. रविवारी मी बाबांना शेजारी बसवून, काचा खाली करून, पावसच्या रस्त्याने नेते. तो त्यांचा जुना रूट. परवा भाट्याचा पूल ओलांडल्यावर ते आपणहून थांबे म्हणायला लागले. "भाट्ये. फणसोप. कसोप. कोळंबे." मग थांबले. मी स्टिअरिंग घट्ट धरून पुढच्या नावाची वाट बघत राहिले. दोन्ही बाजूंना आंब्याच्या बागा मागे जात होत्या. ते खिडकीबाहेर बघत होते, ओठ हलत होते, पण शब्द येत नव्हता. गोळपची पाटी आली आणि मागे गेली. पुढे चढ होता, गिअर बदलला.