उभं ठेवलेलं मॅटर

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, ‘मॅटर सोडणं’ म्हणजे काय. शब्द माझ्या तोंडून सहज गेला होता आणि तेवढ्यात तुमची शाळेची वेळ झाली. लिहूनच सांगते, म्हणजे नीट क्रमाने सांगता येईल.

वेंगुर्ल्याच्या बाजारात तुमच्या पणजोबांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, छापखाना होता. शिशाच्या एकेका खिळ्यावर एकेक अक्षर असे, उलटं. खिळे ठेवायच्या खणाखणांच्या लाकडी पेटीला केस म्हणत. जुळारी केसमधले खिळे उचलून ओळी जुळवी. तयार झालं ते मॅटर. त्याला शाई लावून काढलेली कच्ची प्रत म्हणजे प्रूफ. ते तपासायचं काम माझं. छपाई झाली की खिळे धुऊन पुन्हा आपापल्या खणात टाकायचे, हे मॅटर सोडणं. परत लागेलसं वाटलं, तर सुतळीने बांधून तसंच उभं ठेवायचं. पावत्या, लग्नपत्रिका अशा कितीतरी उभ्या असत. मयताच्या पत्रिकेचं मॅटर मात्र मामंजी त्याच दिवशी सोडायला लावत. दिवेलागणीनंतर ते दुकानात राहिलेलं त्यांना चालत नसे.

एकदा ते राहिलं.

पावसाच्या तोंडावर वादळात एक होडी उलटली. बाकीचे पोहत किनाऱ्याला लागले, एक जण सापडला नाही. त्याची बायको आमच्या दारावर मासळी विकायला यायची. माझ्याच वयाची. काही आठवडे वाट पाहून त्याच्या थोरल्या भावाने दर्भाचा पुतळा करून क्रियाकर्म करायचं ठरवलं आणि पत्रिकेचा मजकूर आणून दिला. जुळाऱ्याने तो जुळवला. मी प्रूफ वाचत होते, भाऊ तिथेच थांबला होता, तेवढ्यात ती दुकानात शिरली.

“माझा नाव घातलंस तेच्यात?” तिने दिराला विचारलं.

“रीतीप्रमाणे घातलंय.”

“माका कोणी इचारल्यान? तुझो भाव गेलो, ह्या तुका म्हायत. माझो घोव गेलो काय नाय, ह्या माका अजून म्हायत नाय.”

दीर मामंजींकडे वळला. “काकानू, तुमी छापा. नायतर मी सावंतवाडीक जातंय.”

“जा रे. हयसर तिच्या तोंडान हो आयकल्याशिवाय मी शाई लावचंय नाय.”

तो कुठेही गेला नाही. दुकानाच्या पायरीवर बसून रडला.

मॅटर बांधून ठेवलं. छापा म्हणायला ती तयार नव्हती, आणि सोडा म्हणायचं धाडस कुणाला नव्हतं. दुकान बंद करताना मामंजी त्यावर एक फडकं टाकत. जुळारी कुरकुरायचा, “काकानू, मोठी अक्षरां सगळी थंय अडाकली. ह्या लगीन कशान जुळवू?”

“बारीक टायपात जुळव.”

“नवरी बारीक दिसतली!”

“मगे नवरो खूश.”

हसायचे आणि त्या बांधलेल्या मॅटरकडे नजर गेली की कामाला लागायचे.

ती मात्र पावसाळाभर सुकी मासळी घेऊन येत राहिली, कपाळाला कुंकू लावून. तिची पाठ वळली की बायका बोलायच्या, “घोव दर्यात आणि हिच्या गळ्यात काळे मणी!” तिला ऐकू जात असणारच.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या पुन्हा पाण्यात गेल्या. परतणाऱ्या प्रत्येक होडीपाशी ती जेटीवर जाऊन उभी राही, असं लोक सांगत. एका सकाळी ती रिकाम्या हाताने छापखान्यात आली. मला म्हणाली, “काय लिवलाहा ता वाचून दाखवा.”

मी प्रूफ वाचलं. खाली दुःखितांची नावं होती. आधी भाऊ, पुतणे, मग ती.

“माझा पयला घाला.”

जुळाऱ्याने सुतळी काढली, ओळी वरखाली केल्या. मी पुन्हा वाचून दाखवलं. ती मामंजींना म्हणाली, “आता छापा.”

पत्रिका वाटायला दीर आला होता. तिने गठ्ठा त्याच्या हाती दिला नाही. शाई पुरती वाळलीही नव्हती, तशीच वरची एक काढून तिने मला दिली. तो मजकूर मला पाठ झाला होता, तरी मी घेतली. आपल्याकडे मयताची पत्रिका वाचून झाली की फाडून टाकतात, घरात ठेवत नाहीत. माझा हात होईना. ती समोर उभी होती. तिला अजून पुष्कळ दारं घ्यायची होती.

“वाचलात मा, वयनीनू? मगे फाडा.”

मी फाडली.