घोरावाडीची गर्दी

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, तोही अर्थशास्त्राचा. त्यामुळे घोरावाडी स्टेशनच्या बाकावर बसून ज्ञान द्यायचा हक्क माझाच. एकदा मी सांगितलं, "काही गरीब देशांनी रेल्वे खासगी कंपन्यांना चालवायला दिली. मालगाड्या जोरात धावल्या, पण जिथं उतारू कमी, तिथल्या पॅसेंजर बंद झाल्या."

रोज पाटी घेऊन पिंपरीला भाजी विकायला जाणाऱ्या शेजारच्या मावशी दचकल्या. "म्हंजी आपली लोकल हितं थांबायची न्हाई?"

"कंपनी आली तर आधी माणसं मोजणार," मी ठासून म्हणालो.

दोनच दिवसांनी फलाटावर एक माणूस वहीत काहीतरी लिहिताना दिसला. मावशींनी गावात फोन फिरवले. दहा मिनिटांत कीर्तनाला जमत नाही एवढं गाव फलाटावर जमलं. एक आबा तर कानाला साबण तसाच ठेवून आले.

"मोजा सायेब, आमी रोज असतो!"

तो माणूस गांगरला. "अहो, मी पंखे मोजायला आलोय."

सगळं गाव माझ्याकडे बघायला लागलं. मावशी मात्र हटल्या नाहीत.

"मग लिवा की! माणसं लय हायत, पंखे कमी पडत्यात."

त्यानं मुकाट्यानं लिहून घेतलं.