आत्याला धबधबा दाखवताना

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे मधे मधे थांबावं लागणार नाही. मी जे केलं ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. पण आमची आत्या ते शुक्रवार पेठेत घरोघर सांगत सुटली आहे, तेव्हा खरी हकिकत निदान तुम्हाला तरी माझ्या तोंडून कळलेली बरी.

तर, आत्याला धबधबा दाखवायचा होता.

आत्या मूळची सोलापूरजवळच्या वळसंगची. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. दुष्काळात दिवसा खडी फोडायची, संध्याकाळी दोन मैलांवरून घागर आणायची आणि तिच्यातलं पहिलं तांब्याभर पाणी मला द्यायची. आमच्या भिंतीवर धबधब्याचं चित्र असलेलं एक कॅलेंडर होतं. साल उलटलं तरी आत्या ते काढू देईना.

"दत्त्या, खरंच एवढं पाणी वरनं पडतंय व्हय रं? का रंगवणाऱ्यानं थापा मारल्यात?"

"खरंच पडतं, आत्या."

"आन् खाली कुणी घागर लावत न्हाय?"

या प्रश्नाचं उत्तर बी. ए.च्या अभ्यासक्रमात नव्हतं. मी मनाशी शपथ घेतली, नोकरी लागली की पहिल्या सुट्टीत आत्या धबधब्यासमोर उभी!

नोकरी लागली. मास्तर झालो. एप्रिलमध्ये आम्ही मुंबईहून गोव्याची आगबोट धरली. बोटीवर आत्याला समुद्र काही पसंत पडला नाही. एका खलाशाकडून बादलीभर पाणी वर ओढून घेतलं, चूळ भरली आणि तोंड वाकडं करून म्हणाली, "एवढं पाणी, आन् घोटभर कामाचं न्हाय! उगं कशाला ठेवलंय?"

पणजीला उतरलो आणि धक्क्यावरूनच धबधब्याच्या सहलीची बस पकडली. चाळीस माणसं, एक ड्रायव्हर आणि पीटर नावाचा गाईड. डोक्यावर गवताची हॅट, गळ्यात शिट्टी. माणूस गोड, पण संथ! दर वळणावर बस थांबवायचा. हा काजू बघा. हा फणस बघा. अहो, देशापुढं केवढे प्रश्न पडलेत आणि हा फणस दाखवतोय! मी दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होतो.

"घाई कशाला करता, मास्तर?" पीटर म्हणाला. "धबधबा अकरा वाजता."

"धबधब्याला वेळ असते? ती काय सरकारी कचेरी आहे?"

पीटर नुसता हसला. त्या हसण्याकडे मी लक्ष द्यायला हवं होतं. पण लक्ष द्यायला सवड कुठं होती मला?

सव्वादहाला बस डोंगराच्या पायथ्याशी लागली. पीटरनं सगळ्यांना आंब्याखाली बसवलं, शहाळी दिली आणि कुणा राजकन्येची गोष्ट सुरू केली. ती राजकन्या नदीवर जायला निघाली ती निघालीच. तिचे दागिने झाले, मैत्रिणी झाल्या, मैत्रिणींचे दागिने झाले. मला बसवेना.

"आत्या, मी पुढं जाऊन बघून येतो."

"कुटं चाललास? बस की गप! गोष्ट चाललीय न्हवं?"

पण मी पायवाटेनं वर निघालोसुद्धा. पाणी वरून पडतं, म्हणजे धबधबा वर असणार! धबधबा बघायचा तर खाली उभं राहावं लागतं, हे सोलापुरात मला कोण शिकवणार होतं?

चांगली वीस मिनिटं चढलो. वर धबधबा नव्हता. सुपारीची बाग होती, शेजारी एक ओढा होता आणि ओढ्यावर छोटासा बंधारा. बागेकडे जाणारा पाट कोरडा ठणठणीत! बंधाऱ्याच्या लाकडी फळ्या कुणीतरी काढून बाजूला ठेवलेल्या, आणि सगळं पाणी खळखळ करत झुडपांत शिरून पलीकडे कुठंतरी चाललेलं. कुठं? समुद्रात, दुसरं कुठं!

तुम्हीच सांगा, दुष्काळात वाढलेल्या माणसानं हे बघून काय करावं? शेजारी झाडं तहानलेली आणि चांगलं गोडं पाणी त्या निरुपयोगी समुद्राला दान! माझं डोकं फिरलं. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, पाण्यात उतरलो आणि एक-एक फळी खाचेत बसवली. फटींत चिखल लिंपला. पाणी क्षणभर गोंधळलं, मग मुकाट पाटात वळलं आणि बागेत शिरलं. डोळे भरून आले हो माझे!

पण चांगलं काम चोरून करायचं नाही, असं माझं तत्त्व. डायरीचं पान फाडलं आणि लिहिलं: 'पाण्याची नासाडी हा देशाचा अपराध आहे. हे पाणी मी वळवले आहे. जाब विचारायचा असल्यास मला विचारावा. दत्तात्रय जाधव, बी. ए., शुक्रवार पेठ, सोलापूर.' चिठ्ठी फळीवर दगडाखाली ठेवली आणि छाती काढून खाली उतरलो.

खाली येऊन बघतो तर सगळी मंडळी एका उंच काळ्या कड्यासमोर माना वर करून उभी. कडा ओला होता, शेवाळ होतं, आणि वरून एक थेंब पडत होता. मग बऱ्याच वेळानं दुसरा.

आत्या सर्वांत पुढं. हातात घरून आणलेला तांब्या.

"पडतंय की रं," ती समजुतीनं म्हणाली. "थेंब थेंब पडतंय. चित्रवाल्यानं वाढवून काढलं असंल."

झालं! माझ्या आत्याची ही फसवणूक? मी टुणकन एका दगडावर चढलो.

"बंधू-भगिनींनो! ही लूट आहे! राजकन्या दाखवता आणि धबधबा लपवता? धबधबा..."

"दाखवा!" एक पेन्शनर आजोबा ओरडले.

"धबधबा..."

"दाखवलाच पाहिजे!" चाळीस जण गरजले. ड्रायव्हरसुद्धा!

पीटरचा चेहरा पांढराफटक. "अरे सायबा! साडेदहाला होता हो! मी स्वतः आवाज ऐकला!"

"मग गेला कुठं? कुणी चोरला?" मी कडाडलो. "शोधून काढा त्याला! आणि त्याचं नाव इथं, सर्वांसमोर, मोठ्यानं वाचून दाखवा!"

टाळ्या पडल्या. पीटर हॅट सावरत डोंगर चढू लागला. पाऊण तासानं धापा टाकत उतरला तेव्हा त्याच्या हातात एक कागद होता. तो कागद मी लांबूनच ओळखला. दगडावरून उतरावंसं वाटलं, पण गुडघ्यांना चिखल लागलेला, आणि सगळे आता तिकडंच बघत होते.

पीटरनं वाचलं. मोठ्यानं वाचलं. बी. ए.सकट वाचलं.

"मास्तर," तो रडवेला होऊन म्हणाला, "उन्हाळ्यात हे पाणी बागेचं असतं. बागवाल्याच्या पाया पडून रोज तासभर मी ते धबधब्याला मागून घेतो. आता फळ्या काढून आलोय, पण पाणी यायला वेळ लागेल."

तेवढ्यात ड्रायव्हरनं घड्याळ दाखवलं. "बारा वाजले. चला, पुढं जायचंय."

आत्या हलली नाही. दगडावर बसली, तांब्या मांडीत. नुसती वर बघत राहिली. आणि मग, आयुष्यात पहिल्यांदा, मी माणसांना थांबायची विनंती करत फिरलो. ड्रायव्हरपुढं हात जोडले. पेन्शनर आजोबांची समजूत घातली. पीटरला म्हणालो, "त्या राजकन्येचं पुढं काय झालं हो? सावकाश सांगा!"

राजकन्या नदीला पोचली आणि वर काहीतरी गडगडलं. आधी एक धार आली, मग दोन, मग अख्खा कडा पांढरा झाला! तुषार थेट आत्याच्या तोंडावर. लोक ओरडले, नाचले. आत्या उठली, तांब्या भरला, घोट घेतला.

"गोड हाय!" ती म्हणाली. मग किती तरी वेळ नुसती बघत राहिली. चित्रवाल्यानं थापा मारल्या नव्हत्या.

मी जवळ गेलो. "आत्या, झालं समाधान?"

"लई झालं रं, लेकरा." तिनं पदरानं डोळे पुसले आणि माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "आता पळ वर, आन् त्या फळ्या लाव जा. किती वाया चाललंय!"

मी खरंच निघालो होतो हो! पण एका दंडाला पीटर लटकला होता आणि दुसऱ्याला ड्रायव्हर.