मुद्दाम गळणारा नळ

स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला तेव्हा मी ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मुद्दाम सांगितलं नाही. सांगितलं असतं तर हे भरल्या ताटावरून उठले असते. नागापूरच्या कारखान्यात ह्यांची आजवरची अख्खी नोकरी पाइपांची गळती बंद करण्यात गेलीय. घरात गळका नळ म्हणजे ह्यांना चारचौघांत झालेला अपमान वाटतो.

मला मात्र तो नळ हवा होता. लेकीनं मोबाईलवर बसवायचं छोटं भिंग पाठवलं होतं. सिंकसमोर खिडकी, बाहेर परसात कढीपत्त्याचं झाड. थेंब सुटायच्या आधी जरासा लोंबतो, तेव्हा ते सगळं झाड त्याच्यात उलटं दिसतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी एकटीच हसत सुटले. तेवढा एक फोटो मिळावा, असं मनानं घेतलं. पण बटण दाबेपर्यंत थेंब खालच्या पातेल्यात. फोटोत नुसती तोटी! मी थेंबांना चक्क शिव्या घालायचे.

ह्यांच्या सुट्टीच्या दिवशी मी भाजी घेऊन आले, तर नळ कोरडा ठणठणीत.

"वायसर गेल्तं, बदललं," पाना पुसत हे म्हणाले. "पानी एक दिवसाआड येतंय अन् तू पातेलं लावून बसली. सांगायचं न्हाई व्हय?"

"ते पाणी झाडालाच घालते मी! विचारायचं तरी होतं!"

वांग्यांची पिशवी मी ओट्यावर आदळली. ह्यांना फोटोचं काही ठाऊक नव्हतं, हे कळत होतं, तरी राग जाईना. हुकलेले सगळे फोटो ह्यांच्यापुढे धरले. "आता कसा मिळणार मला तो थेंब?" ह्यांनी एकेक फोटो पाहिला. मग आमचा अबोला.

दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर हे पायरीवर कानस घेऊन बसले. अडगळीतला एक जुना नळ रंगाच्या रिकाम्या डब्याला बसवला, धुऊन डबा पाण्यानं भरला आणि सकाळी खिडकीच्या गजाला टांगला. "जल्मभर गळती बंद केली, आता ही चालू करतोय. कोनाला सांगू नको." थेंब इतका सावकाश फुगू लागला, की माझा राग कुठल्या कुठे गेला.

नीट पडतोय का, ते पाहायला हे परसातून खिडकीशी वाकले. "अहो, सरका, झाड झाकलंत," असं मी म्हणणार होते, तेवढ्यात थेंब भरला आणि बटण दाबलं गेलं.

फोटो लख्ख आला होता. हे आत येऊन पाहू लागले. "थेंब झ्याक हाय. पन झाड कुठंय?"

मी मोबाईल ह्यांच्या हातातच उलटा फिरवला. थेंबात हे होते, हातात पाना, कपाळावर काळजी.

"दुसरा काढ," हे म्हणाले. "झाडाचा."

"आता कशाला?" मी म्हणाले, आणि डब्याचा नळ घट्ट बंद केला.