चौथा रोजा

मी मुसलमान झालो तो कुणा मुलीपायी, असं आमच्या चाळीत अजूनही समजतात. मी ते कधी खोडून काढलं नाही. मुलगी असती तर लोकांना निदान कळलं असतं, आणि सांगणं मलाही सोपं गेलं असतं.

खरं कारण फारसं कारणासारखं दिसत नाही. ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं होती. मी मुलुंडच्या एका लहान कारखान्यात लेथवर काम करायचो. गिरणी बंद पडल्यावर वडील मालवणकडे गावी जाऊन बसले ते परत आलेच नाहीत. घाटकोपरच्या टेकडीवरच्या खोलीत आई, धाकटा भाऊ आणि मी असे तिघं राहत होतो. भाऊ कावीळ होऊन अकरा दिवसांत गेला. एकोणीस वर्षांचा होता. त्यानंतर मी बधिर झालो. रडू आलं नाही, भूक लागेना, आणि मशीनवर बोट कापलं तरी रक्त बघितल्यावरच कळायचं. भेटायला येणारा प्रत्येक जण काहीतरी शहाणपण सांगून जायचा. त्यांच्या कानाखाली आवाज काढावासा वाटे, पण तेवढा जोरही उरला नव्हता.

शेजारच्या मशीनवरचे चाचा तेवढे गप्प बसून गेले. वयस्कर माणूस, आमच्याच बाजूचा. आईसारखीच मालवणी बोलायचे. दुपारी ते कारखान्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये नमाज पढायचे, आणि मी डबा संपवून तिथंच बसून राहायचो. वाकणं, उठणं, कपाळ टेकणं. मला देव दिसला, शांती मिळाली वगैरे काही झालं नाही. पुढची हालचाल कुठली ते आधीच ठरलेलं आहे, एवढंच मला बरं वाटलं. वर्षभर बघत राहिलो आणि मग म्हटलं, मला शिकवा.

चाचा खूश होतील असं वाटलं होतं. ते घाबरले. "आवशीक विचारलंस?" म्हणाले. मी सांगितलं, आईला विचारणार नाही, सांगणार आहे. त्यांनी मला आणखी चार महिने टांगून ठेवलं. शेवटी एका शुक्रवारी आंघोळ करून, दोन माणसांसमोर कलमा म्हटला आणि झालं. इतक्या लवकर आटपेल असं वाटलं नव्हतं. मी विचारलं, आता काय करायचं? "एकदम सगळा होवचा नाय," चाचा म्हणाले. "आज हातपाय धुवूक शिक."

ते शिकलो. हात, तोंड, नाक, चेहरा, कोपरापर्यंत हात, डोक्यावरून ओला हात, मग पाय. सुरुवातीला क्रम चुकायचा. चाचांनी नमाजातली अरबी देवनागरीत लिहून दिली होती, ती चिठ्ठी तेलकट होईपर्यंत मशीनला चिकटवलेली होती. पहिल्यांदा मशिदीत गेलो तेव्हा उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला. त्याच्यापुढची गंमत म्हणजे नमाज संपल्यावर इमामसाहेब समोर आले, तर माझा उजवा हात आपोआप पुढे झाला, पंजा खोलगट करून, तीर्थ घ्यायला! चाचांनी पटकन तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला, जणू मी भेटायलाच हात पुढे केला होता. बाहेर आल्यावर मात्र ते भिंतीला टेकून पोट धरून हसले.

घरी हसण्यासारखं काही नव्हतं. आईनं मला बाहेर काढलं नाही. तिनं फक्त माझं ताट बाजूला केलं. एक चिनी मातीची बशी आणि एक कप, ते दाराजवळच्या फळीवर. जेवण पातेल्यात ठेवलेलं असायचं. मी वाढून घ्यायचं, खायचं, धुवून ठेवायचं. डबा बंद झाला. बोलणं कामापुरतं. आठ महिने तिच्या हातचं वाढलेलं मी जेवलो नाही. एक मुलगा गेला होता आणि दुसरा असून नसल्यासारखा, असा तिचा हिशोब असणार. माझ्या बधिरपणात मला सगळं सोसलं, हे एक सोसत नव्हतं. आईनं एकदा पुन्हा वाढावं, एवढंच मला हवं होतं.

त्या वर्षी रमजान मे महिन्यात आला. पहिले तीन रोजे कारखान्यात गेले. चौथा रविवारी, घरी. पहाटे उठून मी आवाज न करता चहापाव खाल्ला; रोजे चालू आहेत हे आईला चाळीतून कळलं असावं. उन्हाचं जिन्यावर बसून होतो, जीभ टाळूला चिकटलेली. दोनच्या सुमारास तिनं आत बोलावलं. पाट मांडला होता. स्टीलच्या ताटात साबुदाण्याची खिचडी, वर ओलं खोबरं, बाजूला दही आणि पाण्याचा तांब्या.

"उपास आसा मां तुझो?" आई म्हणाली. "मगे खा. सकाळपासून कायच नाय पोटात."

तिला कुठून माहीत असणार? तिच्या सगळ्या जन्मात उपास म्हणजे साबुदाणा, वरी, शेंगदाण्याची आमटी. मुलगा कुठल्या का देवाचा होईना, उपास करतोय म्हटल्यावर तिनं शनिवारीच साबुदाणा भिजत घातला होता. मी ताटाकडे बघितलं. नियम मला पाठ होते. विसरून खाल्लं तर माफ आहे, जाणूनबुजून खाल्लं तर नाही. मला काहीच विसरायला झालं नव्हतं.

मी पाटावर बसलो आणि खाल्लं. सगळं. आई समोर बसून बघत होती. तिनं आणखी एक डाव वाढला, तोही खाल्ला. चव लागली नाही, तरी ताट चाटूनपुसून साफ केलं.

दुसऱ्या दिवशी तिचा सोमवार होता. निघताना तिनं हातात डबा दिला. आठ महिन्यांनी. "उपासाचोच आसा," म्हणाली. माझी वाट लागली होती. अजून पंचवीस रोजे बाकी होते आणि आईचा उत्साह बघता पंचवीस डबेही तयार होते.

दुपारी चाचांना सगळं सांगितलं. वाटलं, ओरडतील. "रोजो गेलो," म्हणाले. "अल्लाकडे माफी माग, आणि ईद झाली की त्याच्या बदली एक धर." मग डब्याकडे बघून म्हणाले, "पण आवशीकडे खोटा बोला नको." मी म्हटलं, चाचा, खरं सांगितलं तर ती परत वाढणार नाही. त्यांनी डबा माझ्याकडे सरकवला. खोटा दिलासा त्यांनी दिला नाही.

संध्याकाळी भरलेला डबा घेऊन घरी आलो. आईनं तो हातात घेतला आणि वजनावरूनच तिला समजलं.

"खाल्लंस नाय?"

"आमच्या उपासाला काहीच चालत नाही, आई. सूर्य मावळेपर्यंत."

"पाणी पण नाय?"

"पाणी पण नाही."

"मगे काल खाल्लंस ता?"

"तू दिलंस म्हणून."

मला वाटलं होतं ती चिडेल, तुझ्या देवाचं मला काय, म्हणेल. ती डबा मांडीवर घेऊन खाली बसली. तिच्या जगात कुणाचं व्रत मोडायला लावणं यासारखं पाप नाही. शेजारणीची एकादशी चुकून मोडली तरी ती दोन दिवस अस्वस्थ असायची. "म्हणजे तुझो उपास माझ्या हातान मोडलो," ती म्हणाली. मी समजावत राहिलो की चूक माझी, मला माहीत होतं. तिनं ऐकलं नाही. तिनं एवढंच विचारलं, याला करायचं काय असतं? मी सांगितलं, ईदनंतर एक दिवस.

ईदनंतरच्या रविवारी मी पहाटे उठलो तर आई आधीच उठून, तोंड धुवून बसली होती. मी नको नको म्हणत होतो. तिनं पाण्याचा थेंब घेतला नाही. दुपारी तिचे ओठ पांढरे पडले, तरी भिंतीला टेकून बसून राहिली. संध्याकाळी खालच्या मशिदीतून बांग आली तेव्हा मी तिच्यासमोर पाणी ठेवलं. तिनं आधी मला प्यायला लावलं आणि मग स्वतः प्याली.

"आता तुझ्या देवाक सांग," ती म्हणाली. "पोराची चूक नाय म्हणान. माझ्या हातान झाला."

तोपर्यंत मी जे काही मागितलं होतं ते चिठ्ठीवरचं, अरबीतलं, अर्थ अर्धवट कळणारं. मी हात उचलले, आणि तिच्या देखत, तिच्याच मालवणीत सांगितलं की आईची चूक नाही, मला माहीत होतं, मी खाल्लं. भाऊ गेल्यावर जे आलं नव्हतं ते सगळं तेव्हा आलं, आणि मी गुरासारखा रडलो. आईनं रडू दिलं. मग म्हणाली, "मी उलटाच सांगूक सांगितलेला," आणि भात टाकायला उठली.