देवाला दिलेला टाइम

सकाळचे सव्वानऊ. माझा एक हात कोपरापर्यंत कालवडीच्या आत होता आणि डोळे दुसऱ्या हातावरच्या घड्याळात.

रविवार होता. अकराला परभणीच्या चर्चमध्ये मला साक्ष द्यायची होती. साक्ष म्हणजे देवानं आपल्या आयुष्यात काय केलं, ते चारचौघांत उभं राहून सांगणं. माझा विषय होता संयम. आरशासमोर दोनदा तालीमही झाली होती. इस्त्रीचा पांढरा शर्ट गाडीत टांगलेला होता.

मी गंगाखेड तालुक्यात जनावरांचा डॉक्टर. सरूबाई शेरडं राखतात. ही कालवड त्यांनी बाटलीनं दूध पाजून वाढवलेली, आणि हे तिचं पहिलंच वेत.

वासराच्या आधी पाण्यानं भरलेली पिशवी पुढं येते. तिला पाणमोट म्हणतात. तिच्या दाबानं वाट हळूहळू उघडते, म्हणून ती आपण फोडायची नसते. कॉलेजच्या पोरांनाही हे ठाऊक असतं. वीस वर्षं नोकरी झाली असूनही मी ती फोडली. वाटलं, काम लवकर उरकेल.

उरकलं काहीच नाही. वाट अर्धवट उघडलेली आणि आत कोरडं पडायला लागलेलं. ओढलं तर कालवड आतून फाटणार. फार वेळ गेला तर वासरू गुदमरणार.

"काय झालं हो डाक्टरसाहेब?"

"मावशी, चुकलो मी. घाई केली. आता थांबावं लागेल."

"वाचंल न्हवं माझी?"

"ती वाचेल. वासराचं सांगता येत नाही."

त्या कालवडीच्या मानेवरून हात फिरवत राहिल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी आत पॅराफिनचं तेल सोडलं आणि डोळे मिटून मोठ्यानं प्रार्थना केली. "प्रभू, हिला मोकळं कर. साडेदहापर्यंत कर."

"देवाला बी टाइम द्यायलाव व्हय?" सरूबाई म्हणाल्या. "मागं शेळी अडली तवा सकाळी फोन केला, तुमी दुपारच्याला आलाव. मी बसलेच की न्हाई वाट बघत?"

मी घड्याळ काढून खिशात टाकलं.

पास्टरांचा फोन आला. "ब्रदर, कुठं आहात?"

"गोठ्यात."

"किती वेळ लागेल?"

"ते माझ्या हातात नाही."

बोललो आणि ओशाळलो. माझ्या साक्षीतलं पहिलंच वाक्य होतं ते. आरशासमोर किती सोपं वाटलं होतं!

मग नुसतं बसणं. मधून मधून हात घालून वासराच्या तोंडात बोट द्यायचो. ते बोट चोखायचं. म्हणजे जिवंत आहे. दर वेळी थोडं हळू चोखायचं.

अखेर कालवडीनं स्वतःच जोर लावला. मी फक्त पाय धरले. वासरू बाहेर आलं ते निपचित. नाकात काडी घातली, अंग चोळलं. ते शिंकलं. कालवड मागं वळून त्याला चाटायला लागली. मला रडू आलं. घाम पुसल्यासारखं करून डोळे पुसले.

"कालवडच झाली!" सरूबाई ओरडल्या. "आता घ्या की घड्याळ बाहीर."

साडेबारा वाजले होते. चर्चमध्ये तोवर खुर्च्या आवरून झाल्या असणार.

पुढच्या रविवारी साक्ष दिली. पाणमोटीपासून सुरुवात केली, लोक पोट धरून हसले. प्रार्थनेत मी अजूनही देवाला पटकन वेळ सांगून बसतो. पण आता कुणी जनावर अडल्याचा फोन केला, की मी आधी गाडी काढतो. वाट बघणारं माणूस तिकडे बसलेलं असतं.