एकतीस सामने, सत्तेचाळीस मिनिटं

मंडईच्या दिवशी आमच्या घरी कोणी कागद वाचत नाही. दिवाळीनंतर गावाची मंडई, म्हणजे जत्रा, भरली की घरात वीस-पंचवीस पाहुणे असतात, एक पंगत उठत नाही तोच दुसरी बसते. अशा दिवशी आलेल्या माणसावर संशय दाखवणं म्हणजे त्याला ताटावरून उठवणं. नागपूरच्या एका मोठ्या फुटबॉल क्लबचे दोन पदाधिकारी नेमके त्याच दिवशी आले. मुद्दाम आले का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

माझा मुलगा तेव्हा सतरा वर्षांचा होता. आमचं गाव सडक अर्जुनीजवळ. गावाच्या संघाकडून तो डाव्या बाजूने खेळायचा. महिनाभरापूर्वी त्याने याच क्लबवर दोन गोल केले होते आणि ते हरून परत गेले होते.

ते दोघे पोटभर जेवले आणि मग त्यांनी इंग्रजीतला तीन पानी कागद काढला. पालक म्हणून माझी सही हवी होती. मी विजेचं बिलसुद्धा मागच्या बाजूसकट वाचतो. पहिलं पान वाचून होत आलं, तेव्हा माझा मेहुणा सगळ्यांसमोर म्हणाला, "भाऊजी, कायले एवढं वाचून राहिले? पोरगा खेळाले जाऊन राहिला, वावर नाही विकून राहिले तुम्ही!"

पंगत हसली. मुलगा दाराशी उभा राहून माझ्या पेनाकडे बघत होता. उरलेली दोन पानं न वाचता मी सही केली.

तिसऱ्या पानावर लिहिलं होतं की तीन हंगाम क्लबच्या लेखी परवानगीशिवाय त्याला दुसऱ्या कोणाकडूनही खेळता येणार नाही. त्याला खेळवण्याबद्दल कुठेच काही नव्हतं.

पहिल्या दोन हंगामांत क्लबचे एकतीस सामने झाले. त्यांत मुलगा मैदानावर होता तो एकूण सत्तेचाळीस मिनिटं. मी दर सामन्यानंतर फोन करून विचारायचो आणि कॅलेंडरवर लिहून ठेवायचो. शेवटी शेवटी तो म्हणायचा, "बाबा, तेवढं नका विचारू ना." त्याच्या जागी बाहेरून आणलेला खेळाडू होता. तोही चांगला होता, हे मान्य केलं पाहिजे.

दुसऱ्या हंगामाच्या शेवटी तो क्लब आमच्याच मैदानावर आला. मुलगा इस्त्रीचा गणवेश घालून बाकावर बसला होता. आमच्याच गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "काऊन रे, नागपुरात बसाचंच शिकवतेत का?" लोक हसले. त्याने बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. आमचा संघ एका गोलने हरला.

सामना संपल्यावर मी मंडईला आलेल्या दोघांपैकी एका पदाधिकाऱ्याला गाठलं. एकोणीस वर्षांखालच्या मुलांची निवड चाचणी जवळ आली होती. वयाप्रमाणे मुलाची ती शेवटची संधी होती, आणि जिल्ह्याकडून उतरायचं तर क्लबचं पत्र लागत होतं.

"खेळवत नसाल तर सोडा त्याला," मी म्हणालो.

"काका, एक साल और. इतनी जल्दी क्या है?"

"तुम्हाला त्याची गरजच नाही."

"हमें नहीं है," तो हसून म्हणाला, "पर आपके गाँववालों को तो है ना? आज वो उधर से खेलता तो हम हारके जाते." मग आवाज न चढवता म्हणाला, "और साइन तो आपकी ही है."

पत्र मिळालं नाही. चाचणी होऊन गेली.

तीन हंगाम भरल्यावर क्लबने त्याला मोकळं केलं. तोवर तो वीस वर्षांचा झाला होता आणि महामार्गावरच्या टायरच्या दुकानात कामाला लागला होता. एकदा मी त्याचा डबा घेऊन गेलो, तेव्हा गावाच्या संघाचा कप्तान तिथे आला होता.

"चल ना बे रविवारी. डावी बाजू रिकामी पडली आहे."

"नाही येत."

"काऊन?"

"तुमच्या बाकावर बसाले माणूस कमी पडला का?"

त्या दिवशी मैदानावर हसणाऱ्यांत कप्तानही होता. तो मोटारसायकलवरून निघून गेला. मुलाने माझ्या हातातला डबा घेतला, बाजूला ठेवला आणि ट्रकचं चाक खोलायला बसला.